विल्यम ग्रीनवूड, पण कुठल्या घरातला?

प्रश्न : ताई, माझी लेक यॉर्कशायरमध्ये दिली आहे. जावयांचं आडनाव ग्रीनवूड. नातवाला बापाकडची कुळी शोधायची हौस लागली आहे. विहीणबाईंना एवढंच ठाऊक, की जावयांचे खापरपणजोबा विल्यम, जन्म 1840 च्या आसपास, हेब्डन ब्रिजजवळ विणकाम करायचे. इंटरनेटवर बघावं तर त्या भागात विल्यम ग्रीनवूड ढिगानं निघतात. आमच्याकडे हेळवी दारात येऊन पिढ्या म्हणून दाखवतो. तिकडे कुणाला विचारायचं?
— एक आजी, तासगाव

उत्तर : नातवाचं फार कौतुक वाटलं. मुलाकडे हेब्डन ब्रिजजवळच्या हॅलिफॅक्सला असताना तिथल्या दफ्तरात मी पुष्कळ बसले आहे. ग्रीनवूड आणि सटक्लिफ या दोन आडनावांनी ते खोरं भरलेलं आहे. पण हेळवी तरी नुसत्या आडनावावर कुठं वही उघडतो? आधी गाव विचारतो, मग भावकी. तिथंही तेच करायचं.

विल्यमपासून सुरुवात करू नका. जावयांच्या वडिलांपासून एकेक दाखला काढत मागं चला. इंग्लंडमध्ये 1 जुलै 1837 पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद आहे. लग्नाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा असतो, जन्माच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव. जन्मांच्या सरकारी सूचीतही हे माहेरचं नाव दिसतं. हेब्डन ब्रिजसाठी टॉडमॉर्डन हा नोंदणी जिल्हा बघा. आई माहेरचीही ग्रीनवूडच निघाली तर दचकू नका, तिकडे तसं होतं. आणि जन्म सापडला नाही तर धीर सोडू नका. 1875 पर्यंत नोंद करून घ्यायची जबाबदारी रजिस्ट्रारची होती, आईबापांची नव्हे. त्यात काही मुलं सुटली.

मग खानेसुमारी. 1841 च्या यादीत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती आणि घरातलं कुणाचं कोण तेही लिहिलेलं नाही. 1851 ची यादी खरी कामाची : नातं, वय, धंदा, जन्माचं गाव. नातवाला एक मोठा कागद घ्यायला सांगा. त्या वयाचे सगळे विल्यम मांडायचे, प्रत्येकापुढं आईबाप, भावंडं आणि घराचं नाव. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांना तिथं स्वतंत्र नावं आहेत. 1861 मध्ये तेच घर, तीच भावंडं दिसली की तो विल्यम पक्का. जो लहानपणीच वारला किंवा ज्याच्या बापाचा धंदा दाखल्याशी जुळत नाही, त्याच्यावर काट मारायची. विल्यमपेक्षा त्याच्या एखाद्या आडवळणी नावाच्या भावंडाचा माग काढणं पुष्कळदा सोपं जातं.

1837 च्या मागं गेलात की चर्चची दफ्तरं. ती 1538 पासून ठेवायचा हुकूम होता, सगळीकडची तेवढी जुनी टिकलेली नाहीत. हेब्डन ब्रिजजवळच्या हेप्टनस्टॉल गावचं चर्च तेव्हा हॅलिफॅक्सच्या अवाढव्य पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या हद्दीत मोडायचं, म्हणून दोन्हीकडं बघा. 1813 पासून बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या विधीचा, छापील तक्ता आला, त्यात बापाचा धंदा आणि राहतं ठिकाण मिळतं. त्याआधीच्या नोंदीत कधी कधी 'जॉन, जॉन ग्रीनवूडचा मुलगा' एवढंच.

इथंच लोक अडतात, म्हणून नीट सांगते. त्या खोऱ्यात बॅप्टिस्ट या, इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळ्या, ख्रिस्ती पंथाचं मोठं वजन होतं आणि बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. म्हणजे मूल जन्मलं तरी चर्चच्या दफ्तरात नाव नाही. त्यांच्या चॅपलनी, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरांनी, जन्माच्या वेगळ्या वह्या ठेवल्या. त्यातल्या बऱ्याच पुढं सरकारजमा झाल्या आणि आता लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत. लग्न मात्र 1754 पासून 1837 पर्यंत अधिकृत चर्चमध्येच लावावं लागे, सूट फक्त क्वेकर हा आणखी एक ख्रिस्ती पंथ आणि ज्यू यांना. त्यामुळं मुलं चॅपलच्या वहीत आणि आईबापांचं लग्न चर्चच्या वहीत, अशी फाटाफूट होते. लग्नाच्या नोंदीखाली साक्षीदारांच्या सह्या असतात, लिहिता न येणाऱ्यांची फुली आणि शेजारी कारकुनानं लिहिलेलं नाव. साक्षीदार पुष्कळदा भाऊ किंवा मेहुणा असतो. ती नावं जरूर उतरून घ्या.

इंटरनेटवर लोकांनी तयार वंशावळी टाकलेल्या असतात. दाखला बघितल्याशिवाय त्यातला एकही माणूस आपल्या घरात घेऊ नका. एका ठिकाणी चुकीचा विल्यम चिकटला की तो सगळीकडं उतरला जातो.

तर विहीणबाईंना जावयांच्या वडिलांपासून मागं येत विल्यमच्या मुलाच्या लग्नाचा दाखला मागवायला सांगा. तो हातात आला की बापाचा धंदा काय लिहिलाय ते मला कळवा. पुढच्या अंकात तिथून मागं जाऊ.