तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरच्या कामाला पुरेल का? त्याचं कॅलिब्रेशन कधी करायचं?

पुरेल की नाही, ते तो कुठे लावणार यावर आहे. पण प्रश्नाखाली तुम्ही "शेवटी सगळे मीटर आकडाच दाखवतात" असं लिहिलंय, म्हणून मी लिहायला बसलो. हेच वाक्य आमच्या भावोजींच्या तोंडून मी वर्षानुवर्षं ऐकलंय.

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, मेंटेनन्सला होतो, भावोजी तिथेच सुपरवायझर. स्टोअरच्या मीटरचा फ्यूज उडाला की ते म्हणायचे, "तारेचा पीळ टाक, चालशे." मी नाही म्हटलं की मी पुस्तकी. शेवटी फ्यूजच्या जागी तार पडलीच. मग एका दुपारी कंत्राटदाराकडच्या एका पोराने त्याच मीटरवर कंट्रोल सर्किटचा करंट मोजला. लाल लीड, म्हणजे मीटरची लाल वायर, मीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटात राहिली आणि तो ४१५ व्होल्टच्या बसबारवर (पॅनेलमधल्या जाड वीजवाहक पट्ट्यांवर) दोन फेजमधलं व्होल्टेज बघायला गेला. डायल त्याने व्होल्टवर फिरवला होता. त्याचा काही उपयोग नसतो. त्या सॉकेटापासून कॉमनपर्यंत, म्हणजे काळ्या लीडच्या सॉकेटापर्यंत, आत फ्यूज आणि शंट (जवळजवळ रोध नसलेला जाड धातूचा तुकडा) एवढंच असतं, डायल कुठेही असो; इथे फ्यूजच्या जागी तार होती. म्हणजे दोन फेज थेट एकमेकांना जोडल्या. मोठा आवाज झाला, प्रोबची टोकं उडाली, मीटरची पाठ फुटली आणि पोराचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

चौकशीत चूक पोराच्या नावावर लागली. मी तेव्हाही भांडलो आणि आजही तेच म्हणतो: घाईत माणसाचं सॉकेट चुकणारच, आत फ्यूज असतो तो त्याचसाठी. तोही काचेचा नाही, वाळू भरलेला सिरॅमिकचा एचआरसी, हजारो अँपिअर तोडणारा. काचेच्या फ्यूजमधली तार वितळली तरी एवढ्या करंटला आतला आर्क, म्हणजे विजेचा जाळ, विझत नाही. भावोजी म्हणतात, नवा फ्यूज मीटरच्या निम्म्या किमतीचा येतो. येऊ दे.

आता तुमचा मीटर. त्या स्वस्त पिवळ्या मीटरवर १० अँपिअरच्या सॉकेटाजवळ बारीक अक्षरात 'अनफ्यूज्ड' छापलेलं असतं. म्हणजे तिथे फ्यूजची तारसुद्धा नाही, सरळ तो जाड शंट. सेल, अडॅप्टर, स्कूटरची बॅटरी यांचं व्होल्टेज त्यावर खुशाल बघा. मेन बोर्डाला, पंपाच्या स्टार्टरला तो लावू नका. तिथे 'कॅट थ्री ६०० व्होल्ट' छापलेला, नावाजलेल्या कंपनीचा घ्या; कॅट म्हणजे मीटर कुठल्या जागी लावता येतो त्याचा सुरक्षा-वर्ग. नुसतं '६०० व्होल्ट' वाचून फसू नका, लाइनवर क्षणभर येणारे हजारो व्होल्टचे झटके मीटर सोसेल की नाही ते कॅटवरून कळतं.

लाइन बंद आहे याची खात्री करताना मीटर आधी भिंतीवरच्या चालू प्लग-सॉकेटवर बघा, मग कामाच्या जागी, मग परत चालू सॉकेटवर. मधल्या वेळात लीड तुटली असेल तर मेलेला मीटरही शून्यच दाखवतो. लीड आतून तुटली का ते डायल ओहमवर ठेवून, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून, वायर हलवून बघा. आकडा नाचला तर लीड फेकून द्या, चिकटपट्टी लावू नका.

कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा खरा येतो का ते प्रमाणित उपकरणाशी ताडून बघणं, कारखान्यात वर्षाला होतं, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबकडून. घरी त्याची गरज नाही. बॅटरीची खूण दिसली की मात्र लगेच सेल बदला, उतरलेल्या सेलवर पुष्कळ मीटर आकडा चढवून दाखवतात. पाठ उघडण्याआधी दोन्ही लीड काढा. आणि हो, महागातला मीटर घेतलात तरी करंट मोजून झाला की लाल लीड लगेच व्होल्टच्या सॉकेटात परत घाला. फ्यूज चांगला असला तरी हे चुकवायचं नाही, भावोजींचं एवढं म्हणणं मला मान्य आहे.