पाटीसाठी ठेव मोडू नका, पण कमिशनिंगवर काट मारू नका

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतचा आर्किटेक्टचा अंदाजपत्रकाचा कागद दोन्ही नीट वाचले. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गुरुजी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. मुलगी आणि जावई दोघंही डॉक्टर. त्यांचं 20 खाटांचं, साधारण 9,000 चौरस फुटांचं रुग्णालय बांधायला घेतलंय. खर्च 2 कोटी 40 लाख, त्यातले 1 कोटी 60 लाख बँकेचं कर्ज, साडेदहा टक्क्यांनी. नागपूरच्या आर्किटेक्टने सुचवलं की इमारतीला लीडचं, म्हणजे ऊर्जा आणि पर्यावरणाच्या निकषांवर इमारतीला गुण देणाऱ्या पद्धतीचं, हरित प्रमाणपत्र घ्या, वरचा खर्च 21 लाख येईल, वीजबिलातून तो फिटेल. बँक एवढं वाढवून देईल की नाही म्हणून मुलगी बिचकतेय, आणि गुरुजी म्हणतात, माझे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख आहेत, त्यातून देऊन टाकू का?

आधी ठेवीचं पाहू. तुमच्या 30 लाखांवर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 रुपये येतात. या खात्यातून गरजेपुरती रक्कम काढता येत नाही, खातंच बंद करावं लागतं. तुमच्या खात्याला दोन वर्षं होऊन गेलीत, पण पाच झाली नाहीत, म्हणजे एक टक्का कापला जाईल, 30,000 रुपये. उरलेले 8 लाख 70 हजार पुन्हा त्याच दराने ठेवता आले असं धरलं तरी तिमाहीला 17,835 रुपये हाती येतील. वर्षाला जवळपास 1,75,000 रुपयांचं खात्रीचं व्याज जाईल, आणि ते कशासाठी? आर्किटेक्टच्या अंदाजाप्रमाणे रुग्णालयाचं वर्षाला 1,90,000 रुपयांचं वीजबिल वाचावं म्हणून. घर एकच धरलं तर वर्षाला 15,000 चा फायदा, तोही अंदाजातला, आणि तुमचे 21 लाख मात्र भिंतींत कायमचे गेले. तुम्हाला पेन्शन आहे हे खरं. पण काकूंना स्वतःचं उत्पन्न नाही, आणि तुमच्यामागे त्यांना पुढे तुमच्या पेन्शनच्या साधारण साठ टक्केच कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. ही ठेव त्यांचा आधार आहे. ती मोडू नका. ज्या इमारतीचं बिल वाचणार, त्या इमारतीच्या कर्जातूनच हा खर्च झाला पाहिजे. त्याचं व्याज व्यवसायाच्या खर्चात दाखवता येतं, तुमच्या हाती येणाऱ्या व्याजावर मात्र कर लागतो, हेही धरा.

आता मूळ प्रश्न, 21 लाख खर्च करायचे की नाहीत. अंदाजपत्रक एकगठ्ठा पाहिलं तर उत्तर चुकतं, म्हणून मी ते फोडून पाहिलं.

नोंदणी, फी, सल्लागार आणि संगणकावरचं ऊर्जा-गणित मिळून 6.4 लाख. हा शुद्ध प्रमाणपत्राचा खर्च. लीडमध्ये 40 गुणांना साधं प्रमाणपत्र, 50 ला सिल्व्हर, 60 ला गोल्ड, 80 ला प्लॅटिनम. मोठ्या शहरात याला भाव आहे. तिथे बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र मिळतं, कंपन्या भाड्याने जागा घेताना असं प्रमाणपत्र मागतात. तुमच्या गावात जागा मोकळी आहे, भाडेकरू नाही, आणि बाळंतपणाला येणारी बाई दारावरची पाटी वाचून येत नाही, डॉक्टरीणबाईंच्या हाताला गुण आहे म्हणून येते. कायद्याची सक्तीही नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 100 किलोवॉट जोडभार किंवा 120 केव्हीए करारमागणी यापासून वर लागू होते, तुमचा मागितलेला भार 48 किलोवॉट आहे. बँकेने प्रमाणपत्रासाठी व्याजात पाव टक्का सूट लेखी दिली, तरी 1 कोटी 60 लाखांवर ती पहिल्या वर्षी 40,000 रुपये होते आणि कर्ज फिटत जाईल तशी घटत जाते. 6.4 लाख त्यातून निघणार नाहीत. शिवाय चालू इमारतीलाही पुढे प्रमाणपत्र घेता येतं, लीडमध्येही, आणि ग्रिहा, आयजीबीसी या आपल्याकडच्या हरित प्रमाणपत्रांतही. ही गोष्ट थांबू शकते.

दुहेरी काचेच्या खिडक्या 4.2 लाख. हेही सोडा. नकाशात खिडक्या मुळातच लहान आहेत. पश्चिमेच्या खिडक्यांवर अडीच फुटांचा छज्जा आणि उभी जाळी केली की उन्हाचा मोठा भाग बाहेरच अडतो. आपल्याकडचं ऊन काचेवर येऊ देऊन मग अडवण्यापेक्षा काचेपर्यंत येऊच देऊ नये.

छताचं इन्सुलेशन, हलक्या ब्लॉकच्या भिंती आणि छज्जे यांचे 3.4 लाख मात्र पूर्ण द्या, त्यात घासाघीस नको. तुम्ही स्वतः लिहिलंय की जुन्या दवाखान्यात मे महिन्यात रात्री दहा वाजतासुद्धा स्लॅबखाली उभं राहवत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खोलीत सोडतो आणि एसी ती बाहेर फेकत बसतो. हे काम नंतर होत नाही, किंवा दुप्पट पैशांत अर्धवट होतं. वरून पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग दर दोन-तीन वर्षांनी मारत राहा.

चांगल्या प्रतीचे एसी आणि ऑपरेशन थिएटरची यंत्रणा, जास्तीचे 2.6 लाख, ठेवा. पंखे आणि दिवे 1 लाख, डोळे मिटून ठेवा. साधा पंखा 75 वॉट ओढतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, 30 च्या आसपास. तुमचे 40 पंखे, दिवसाला 12 तास, वर्षाचे 270 दिवस धरले तर 5,800 युनिट वाचतात. जुन्या दवाखान्याचं बिल युनिटने भागलं तर तुम्हाला सरासरी दहा रुपये पडतात, म्हणजे वर्षाला 58,000 रुपये. एका पंख्यामागे जास्तीचे दीड हजार धरले तर 40 पंख्यांचे 60,000. वर्षभरात वसूल! प्रतीक्षागृहाला एसी लावू नका, आपला डेझर्ट कूलरच लावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याच्याइतकं स्वस्त गारव्याचं साधन नाही. थिएटर, प्रसूतिगृह आणि वॉर्डपासून मात्र तो दूर ठेवा.

मोजमाप करणाऱ्या मध्यवर्ती पडद्याचे 1 लाख लिहिलेत. त्याऐवजी एसी, थिएटर, पंप आणि बाकी इमारत असे चार वेगळे सब-मीटर बसवा, 20,000 त भागेल.

राहिले कमिशनिंगचे 2.4 लाख. यासाठीच मी हे पत्र एवढं लांबवतोय.

तुम्ही लिहिता की जावईबापूंनी या ओळीवर पहिली काट मारली, कारण त्यांना वाटलं हे कुणाचं तरी कमिशन आहे. कमिशनिंग म्हणजे दलाली नव्हे, गुरुजी. विहिरीवर मोटर बसवली की कास्तकार काय करतो? स्टार्टर दाबतो, पाटात पाण्याची धार पडेपर्यंत तिथेच उभा राहतो, आणि मगच मिस्त्रीच्या हातावर पैसे ठेवतो. इमारतीच्या बाबतीत हेच काम शिस्तीने करणं म्हणजे कमिशनिंग. मालकाला काय हवं ते आधी कागदावर लिहायचं. थिएटर किती थंड, किती खोल्या एकाच वेळी चालणार, लाईन गेली तर काय चालू राहायला हवं. मग नकाशा त्याच्याशी ताडून पाहायचा, यंत्रं बसताना पाहायची, आणि शेवटी प्रत्येक यंत्रणा चालवून, मोजून, लिहून घ्यायची. वापरणाऱ्या माणसाला शिकवून, चालवण्याची वही त्याच्या हाती द्यायची. लीडमध्ये मूलभूत कमिशनिंग ही पूर्वअट आहे. तिचे गुण शून्य, पण ती नसेल तर प्रमाणपत्रच नाही. किमान ऊर्जा-कार्यक्षमतेचंही तसंच. नियम करणाऱ्यांना हे कळलेलं आहे की कागदावरची बचत आपोआप बिलात उतरत नाही.

माझ्या थोरल्या भावाच्या दवाखान्यावर 10 किलोवॉटची सोलर बसवली होती. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा, फोनवर आलेख, सगळं ठीक. बिल मात्र म्हणावं तसं उतरेना. भाऊ म्हणायचा ढग जास्त होते, मी म्हणायचो धूळ बसली असेल. चौदा महिन्यांनी मी एका ओळखीच्या वायरमनला घेऊन गच्चीवर चढलो. मागच्या रांगेखाली तो पाठीवर सरकत गेला आणि तिथूनच ओरडला. दोन वायरींची टोकं लोंबत होती, कनेक्टरवरची प्लास्टिकची टोपीसुद्धा काढलेली नव्हती. अर्धी पॅनलं पहिल्या दिवसापासून जोडलेलीच नव्हती! टोप्या काढून त्याने टोकं एकमेकांत दाबली, खट्ट असा आवाज आला, काम दोन मिनिटांत संपलं. महिन्याला 600 युनिट धरले तरी आठ हजारांवर युनिट वाया गेले होते. बसवणाऱ्याचे पैसे आम्ही पहिल्याच आठवड्यात चुकते केले होते. त्या दिवसाची हळहळ मला अजून आहे, कारण पैशांचा सल्ला देणारा मी, आणि तपासणीचा एक कागदही मागितला नव्हता.

थिएटरमध्ये तर प्रश्न पैशांपुरता नाही. आतली हवा बाहेर ढकलली गेली पाहिजे, बाहेरची आत येता कामा नये. दार जरासं उघडं ठेवून फटीशी पातळ कागदाची पट्टी धरली की ती बाहेरच्या बाजूला झुकायला हवी. आत ओढली गेली तर कॉरिडॉरची धूळ रुग्णाच्या उघड्या जखमेवर जातेय. ही खरी चाचणी नव्हे, खरी दाबमापकाने होते. पण तुमची मुलगी स्वतः हे रोज पाहू शकेल.

म्हणून माझा हिशेब असा. भिंती-छत 3.4, एसी आणि थिएटर 2.6, पंखे-दिवे 1, कमिशनिंग 2.4, मीटर 0.2. एकूण 9.6 लाख. दहा वर्षांच्या मुदतीने साडेदहा टक्क्यांवर त्याचा हप्ता महिन्याला सुमारे 12,950 रुपये, वर्षाला 1.55 लाख. बचत मी आर्किटेक्टच्या 19,000 युनिटांवरून 15,000 वर आणली, म्हणजे दीड लाख. जवळजवळ बरोबरी, आणि व्याजदर बदलला नाही तर हप्ता दहा वर्षं तोच राहील. पूर्ण 21 लाख घेतले तर वर्षाला 3.4 लाखांचा हप्ता आणि बचत 1.9 लाख. हा उलटा सौदा आहे. आणि कमिशनिंग गाळलं, नीट न जोडल्यामुळे 15,000 युनिटांतला तिसरा हिस्सा गेला, तर वर्षाला 50,000 बुडाले. पाच वर्षांत ते 2.4 लाख तसेही गेले, आणि पुढेही जात राहिले.

दोन गोष्टी लगेच करा. बँकेचं मंजुरीपत्र निघण्याआधी सुधारित अंदाजपत्रक द्या, म्हणजे हे 9.6 लाख मूळ कर्जातच बसतील. आणि सोलरचं आत्ता ठरवू नका. प्रधानमंत्री सूर्यघरचं 78,000 पर्यंतचं अनुदान घरगुती जोडणीला आहे, रुग्णालयाला नाही. एक उन्हाळा गेल्यावर, बिल पाहून, गरजेएवढीच बसवा.

तपासणारा माणूस कोण, हे नीट ठरवा. 20,000 चौरस फुटांच्या आतल्या इमारतीला लीडचा नियम आर्किटेक्टच्या किंवा ठेकेदाराच्या गटातला माणूसही चालवून घेतो. तुम्ही चालवून घेऊ नका. ज्याने बसवलं त्यानेच पास करायचं, हे तुम्ही परीक्षेत कधी होऊ दिलं नसतं. अशाच प्रकारची निदान दोन कामं तपासलेला, तुमच्याकडून थेट पैसे घेणारा माणूस नागपूर-अमरावतीकडून बोलवा.

आणि पैसे एकदम देऊ नका. तुमचं रुग्णालय दिवाळीच्या सुमाराला हाती येणार. त्या दिवसांत एसीची चाचणी घेऊन काही कळत नाही, तेव्हा कुठलाही एसी पास होतो. लीडच्या वरच्या पायरीच्या कमिशनिंगमध्ये ऋतूनुसार चाचणी आणि ताबा मिळाल्यावर दहा महिन्यांनी फेरतपासणी आहे, ते कलम तुमच्या करारात प्रमाणपत्राशिवायही टाकता येतं. पहिले 80,000 नकाशा तपासल्यावर, दुसरे 80,000 ताबा घेताना. शेवटचे 80,000, आणि ठेकेदाराच्या एसीच्या बिलातले दहा टक्के, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर दुपारी सगळ्या खोल्या चालू ठेवून घेतलेल्या चाचणीचे आकडे तुमच्या मुलीच्या हाती आल्यावरच द्या.