गोष्ट फक्त स्क्रीनवर

प्रश्न : बेपत्ता बहिणीच्या शोधावर २० मिनिटांचा थरारपट करतोय, सगळा लॅपटॉपच्या स्क्रीनवरच. रेकॉर्डिंग मोठं केलं की अक्षरं फुटतात, आवाजही मागेपुढे होतो. काय करावं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : १९२०×१०८० पिक्सेलचं रेकॉर्डिंग दुप्पट मोठं केलं की फुटणारच. ३८४०×२१६० वर घ्या. त्याहून उत्तम म्हणजे चॅट, नकाशा, व्हिडिओ कॉल आणि कर्सरसुद्धा वेगवेगळ्या थरांत बनवून संकलनात हलवा. आवाज सरकतो तो बदलत्या फ्रेम रेटमुळे, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रांची संख्या कमीजास्त होत राहिल्यामुळे. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये हे नेहमीचंच. संकलनाआधी हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ रूपांतराचं मोफत सॉफ्टवेअर) सेकंदाला स्थिर २५ फ्रेम करून घ्या. खान्देशातला मे असला तरी टेकच्या वेळी कूलर बंद; ती घरघर नंतर नीट निघत नाही.

खरा थरार टायपिंगमध्ये आहे. 'कोठे शे तू?' अहिराणीत टाइप होऊ द्या, कर्सर थांबू द्या, सगळं पुसलं जाऊ द्या, मग नुसतं 'हॅलो' जाऊ द्या. हे क्षण कृपा करून घाईने कापू नका.

'सर्चिंग' (२०१८) या अशाच सगळ्या स्क्रीनवर घडणाऱ्या थरारपटाचं चित्रीकरण १३ दिवसांत झालं, पण त्याआधीच संकलकांनी अख्ख्या चित्रपटाचा कच्चा आराखडा उभा केला होता. तुम्हीही तो आधी करा आणि मोबाइलवर पाहा. जे वाचता येत नाही, ते मोठं करा.