खाडीवर जाण्याआधी तिथी बघ

अनेक आशीर्वाद.

खाडीतल्या पक्ष्यांचे फोटो काढायला लेन्स कोणती घेऊ, असं विचारलंस. चारशे मिलिमीटरची पुरेल. पण ठाणे खाडीत पक्षी किती जवळ येणार हे भरती ठरवते, म्हणून आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघ. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घे.

ओहोटीला फ्लेमिंगो, मालगुजे, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी मैलभर पसरलेल्या चिखलात चरत असतात. तेव्हा ते फक्त ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की चिखल आक्रसतो आणि पक्षी आपसूक काठाकडे सरकतात. चिखल बुडाला की फ्लेमिंगोंचे थवे नेरूळला टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत उतरतात. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते. पाणी पुरेसं चढत नाही आणि पक्षी लांबच राहतात. एकादशी ते त्रयोदशी हे दिवस चांगले, भरती सकाळी येते. त्यातही त्रयोदशी बरी, कारण उधाण जवळ आलेलं असतं.

भरतीच्या दोन तास आधी पोहोच आणि एका जागी खाली बस. बसल्याने दोन गोष्टी साधतात: पक्षी बुजत नाहीत, आणि कॅमेरा त्यांच्या डोळ्याच्या पातळीला येतो. नवी मुंबईचा काठ खाडीच्या पूर्वेला असल्याने सकाळचं ऊन तुझ्या पाठीशी असतं. समोरच्या पश्चिम काठावर, भांडुपच्या बाजूने, त्याच वेळी सूर्य समोर येतो. दहानंतर मात्र तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी कितीही महागड्या लेन्सने टिपला तरी पुसट येतो. तेव्हा सरळ दुर्बीण काढ. आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगांची, उत्तम.

चरणाऱ्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचं शटर चालतं, उडत्याला १/२००० ठेव. उजळ आभाळासमोर फ्लेमिंगो काळा पडतो, तिथे एक्स्पोजर +१ कर, म्हणजे फोटो एक पायरी उजळ. उन्हातल्या पांढऱ्या बगळ्याला उलट −२/३ लागतं, नाहीतर पिसांचे तपशील जळतात. थवा उठताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो. वारा पाठीवर घेऊन बसलास तर ते तुझ्याकडे तोंड करून येतील.

आपल्याकडे हिमकण नसतात, पण दव भरपूर असतं. एसी गाडीतून काढलेल्या थंडगार लेन्सवर दमट हवेत लगेच वाफ धरते. बॅग बंदच ठेवून वीसेक मिनिटं बाहेर ठेव, मग उघड.

फ्लेमिंगोच्या दोन जाती दिसतील. थोरला फ्लेमिंगो उंच आणि फिकट, चोच गुलाबी, टोक काळं. धाकटा बुटका, जास्त गुलाबी, चोच गडद लाल. राखाडी-तपकिरी दिसतात ती पिल्लं, वेगळी जात नव्हे.

आणि हे मनापासून सांगतो. चरणारा थवा चरणं थांबवून माना उंच करायला लागला की तिथेच थांब. सगळे एका दिशेने चालू लागले तर मागे सरक. उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे, ड्रोन सोडणारे भेटतील, त्यांना अडव. चिखल उघडा असतो तेवढाच वेळ या पक्ष्यांना पोट भरायला मिळतो. विनाकारण घेतलेली एक भरारी त्यातूनच वजा होते.