नवरा बेपत्ता होऊन सात वर्षं झाली की मृत्यूचा दाखला आपोआप मिळतो का?

नाही ताई. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 111 प्रमाणे (जुनं कलम 108) सात वर्षं घरच्यांना काहीच खबर नसेल तर मृत्यू गृहीत धरता येतो, पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. पोलिसांतल्या मिसिंग तक्रारीची प्रत जपा. विम्याचे हप्ते तोवर भरत राहा, नाहीतर पॉलिसी बंद पडते.

या मधल्या काळात बायकोची फार कुचंबणा होते. सातबारा त्याच्या नावावर, बँक खातं त्याच्या नावावर, आणि हळदीकुंकवाला हिला बोलवायचं की नाही यावर शेजारी कुजबूज. ते फार जिव्हारी लागतं. पती केंद्र सरकारी नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी सात वर्षं थांबू नका, पोलिसांत तक्रार नोंदवून सहा महिने झाले की कार्यालयात अर्ज द्या.