बिझनेस विषय घेतलायस ना, मग हे वाच

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. बिझनेस विषय घेतलास हे वाचून खरंच आनंद झाला, पण पुढचं वाक्य वाचून काळजी वाटली, की सगळे म्हणतात पाठांतराचा विषय आहे, व्याख्या पाठ केल्या की झालं, आणि तूही तसंच सुरू केलंयस. हा विषय मी बरीच वर्षं शिकवतेय, पेपरही तपासलेत, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकात मार्केटिंग, फायनान्स, उत्पादन, माणसं असे धडे वेगवेगळे असतात कारण पुस्तक कुठेतरी कापावं लागतं. धंद्यात असं काही वेगळं नसतं. एक निर्णय घेतला की तो सगळ्या धड्यांमधून फिरून येतो, आणि तो कसा फिरतो ते बघायला शिकणं हाच हा विषय आहे. बाकी सगळं त्याच्यासाठी.

फोर्डचंच घे. 1913 साली अमेरिकेतल्या हायलँड पार्कच्या कारखान्यात त्यांनी सरकती असेंब्ली लाईन आणली आणि मॉडेल टी गाडीची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, जोडायला आधी साधारण साडेबारा तास लागायचे ते दीड तासाच्या आसपास आले. पुस्तकात हे उत्पादनाच्या धड्यात येतं आणि तिथेच संपतं. पण पुढे काय झालं, तर तेच तेच काम दिवसभर करून माणसं इतकी वैतागली की भराभरा सोडून जायला लागली, सतत नवीन भरती, सतत नवीन ट्रेनिंग, म्हणजे वाचवलेला खर्च दुसऱ्या दाराने परत आत. मग जानेवारी 1914 मध्ये कंपनीने दिवसाचा पगार जवळपास दुप्पट करून 5 डॉलर जाहीर केला आणि कामाचे तास 9 वरून 8 केले (त्याला अटी होत्या, सगळ्यांना सरसकट नाही मिळाला). आता सांग, हा उत्पादनाचा प्रश्न की माणसांचा की पैशाचा? परीक्षेत प्रेरणा म्हणजे मोटिव्हेशनवर प्रश्न आला आणि तू मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड काढून पाच पायऱ्या लिहून आलास किंवा आलीस, तर थोडे मार्क मिळतील. पण त्या कारखान्यातला माणूस नोकरी का सोडतोय आणि पगार वाढवल्यावर तो खर्च कुठून भरून निघणार हे लिहिलं तर तपासणारा थांबून वाचतो. मी तरी थांबते.

आता आकड्यांचं. आकडे आले की पान उलटायचं नाही, ही माझी एकच सक्तीची अट. ब्रेक-इव्हन म्हणजे ना नफा ना तोटा, एवढं तुला येत असेलच. पण हे करून बघ: वस्तूची किंमत 50, प्रत्येक नगामागे बदलता खर्च 30, महिन्याचा स्थिर खर्च 4000. एका नगामागे 20 सुटतात, म्हणजे 200 नग विकले की खर्च निघाला. आता कोणीतरी म्हणतं की 10 टक्के डिस्काउंट देऊ, विक्री वाढेल. किंमत 45 झाली, सुटतात फक्त 15, आणि आता 267 नग विकावे लागतील. किंमत दहावा भाग उतरली पण विक्री एक तृतीयांश वाढवावी लागली, नुसता खर्च काढायला! हे स्वतःच्या हाताने एकदा केलं की डिस्काउंट हा शब्द तू आधीसारखा वाचणारच नाहीस. आणि मग पुढचे प्रश्न आपोआप येतात, तेवढे नग बनवायची क्षमता आहे का, जास्तीचा माल पडून राहिला तर, समोरच्यानेही किंमत उतरवली तर.

नफा आणि रोख पैसा यात तर बहुतेक मुलं अडकतात. 30,000 खर्चून माल बनवला, 50,000 ला विकला, नफा 20,000, छान. पण गिऱ्हाईक पैसे देणार 60 दिवसांनी आणि कच्च्या मालवाल्याला तुला द्यायचेत 30 दिवसांत, पगार तर महिन्याच्या महिन्याला. कागदावर नफा आहे आणि खात्यात काही नाही, आणि चांगले चालणारे धंदे असेच बंद पडतात, मागणी भरपूर असताना. म्हणून कॅश फ्लोचा तक्ता नुसता वाचू नकोस, महिनेवार मांड आणि कुठल्या महिन्यात खाली जातोय ते शोध.

मालकीचे प्रकार कंटाळवाणे वाटतील, तिथे सॉलोमनची केस लक्षात ठेव. लंडनमधला बुटांचा व्यापारी, त्याने स्वतःच्या धंद्याची कंपनी केली, 20,007 पैकी 20,001 शेअर त्याचे, उरलेले सहा घरच्यांचे. कंपनी बुडाली, तेव्हा देणी त्याच्याकडूनच वसूल करा म्हणून प्रकरण वरपर्यंत गेलं आणि 1896 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, सांगितलं की कंपनी वेगळी, माणूस वेगळा. मर्यादित जबाबदारी म्हणजे काय हे यातून कळतं, आणि देणेकऱ्यांचं काय हा प्रश्नही पडतो, तो पडायलाच हवा.

अकाउंट्सची भीती वाटते म्हणालास किंवा म्हणालीस, जे असेल ते, त्यावर उपाय रोज थोडं थोडं सोडवणं, दुसरा मला माहीत नाही.

उत्तर लिहिताना प्रश्नात दिलेल्या केसमधल्या धंद्याला सोडू नकोस. जाहिरात केल्याने विक्री वाढते हे वाक्य कुठल्याही उत्तरात चिकटवता येतं, म्हणून त्याला किंमत नाही. हा धंदा लहान आहे, हातात रोख कमी आहे, गिऱ्हाईक ठरलेलं आहे, मग याने जाहिरातीवर खर्च करावा का, हे लिही. दोन्ही बाजू मांड, पण शेवटी निर्णय घे आणि का ते सांग. परिस्थितीवर अवलंबून आहे म्हणून सोडून देणारी उत्तरं खूप येतात, कशावर अवलंबून आहे ते लिहिणारी कमी.

वर ब्रेक-इव्हनचं जे उदाहरण दिलंय त्यात आता असं धर की महिन्याला 240 च्या वर नग बनवता येत नाहीत. डिस्काउंट द्यावा का? पानभर उत्तर लिही, फोटो काढून पाठव, मी तपासून देते.

तुझी,
मॅडम