शाळेत ‘कल्चरली रेलेव्हंट टीचिंग’ आलं म्हणजे अभ्यास मागे पडणार का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी न्यू जर्सीत सहावीत आहे, ‘रेशियल इक्विटी’साठी, म्हणजे वंशावरून पडणारी तफावत मिटवण्यासाठी, आम्ही ‘कल्चरली रेलेव्हंट टीचिंग’ (मुलांच्या संस्कृतीशी जोडून शिकवणं) आणतोय असं शाळेचं पत्र आलंय, आणि आता गणित बाजूला पडून सणसमारंभच होणार अशी तुम्हाला धास्ती वाटतेय. मी इथेच एका पब्लिक स्कूलमध्ये मिडल स्कूलला गणित शिकवते.

धास्ती अगदीच अनाठायी नाही. पुष्कळ ठिकाणी हे प्रकरण फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, भिंतीवर मार्टिन ल्यूथर किंग, दिवाळीला समोसे आणि वर्कशीटमधल्या जॉनचा जमाल करणं, एवढ्यावरच आटोपतं. सफरचंदांऐवजी बास्केटबॉल मोजायला दिले म्हणून कुणाला अपूर्णांक कळत नाहीत.

पण ही मूळ कल्पना नव्हे. ती मांडली अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी. कृष्णवर्णीय मुलं मागे का पडतात यावर ढिगाने लिहिलं जात होतं. त्यांनी विचारलं, ज्या शिक्षकांच्या हाताखाली हीच मुलं पुढे जातात, ते नेमकं काय करतात? पालक आणि मुख्याध्यापक दोघांनीही ज्यांची नावं घेतली असे आठ शिक्षक त्यांनी कॅलिफोर्नियात निवडले आणि त्यांचे वर्ग बघितले. एका वर्गात रताळ्याचा ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) उत्तम करणारी एक आई येऊन मुलांना तो करायला शिकवते. इथवर आपला आनंदमेळावाच. पण पुढे मुलं कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या रताळ्यावरच्या संशोधनावर अहवाल लिहितात आणि हे ‘पाय’ विकण्याची योजना आखतात. १९९५ साली लॅडसन-बिलिंग्जबाईंनी तीन अटी मांडल्या. पहिली, मुलाला विषय आलाच पाहिजे. मग आपली संस्कृती न सोडता दुसऱ्याची जाणणं, आणि समाजात जे अन्यायाचं चाललंय त्यावर बोट ठेवता येणं. शाळांच्या पत्रकांत नेमकी पहिली अट गळते!

माझ्या विषयातलं सगळ्यात भक्कम उदाहरण बॉब मोझेस यांचं. हा माणूस साठच्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करत फिरत होता. तिथे लिहिण्यावाचण्याच्या परीक्षेचं निमित्त करून लोकांना मतदानापासून दूर ठेवलं जायचं. पुढे १९८२ च्या सुमारास बोस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये त्यांच्या आठवीतल्या मुलीच्या शाळेत बीजगणितच शिकवत नव्हते. त्यांचं म्हणणं पडलं, तेव्हा वाचनाने दार अडवलं होतं, आता बीजगणिताने अडवलंय. मग ते मुलांना घेऊन बोस्टनच्या रेड लाइन मेट्रोत बसायला लागले. समजा सेंट्रल स्टेशन शून्य. शहराकडे केंडल १, चार्ल्स २, पार्क स्ट्रीट ३. उलट दिशेला हार्वर्ड उणे १. हार्वर्डहून पार्क स्ट्रीटला किती स्टेशनं? चार. म्हणजे ३ वजा (उणे १) बरोबर ४. ‘वजा वजा अधिक’ हे आपण घोकलं. या पोरांनी ते गाडीत बसून मोजलं. आधी प्रवास, मग चित्र, मग आपल्या भाषेत सांगणं, मग नेमक्या भाषेत, शेवटी चिन्हं. मी पूर्णांक शिकवताना स्टेशनं आमच्या गावच्या बसचे थांबे करते, क्रम तोच ठेवते. चिन्हांपर्यंत पोचायला वेळ लागतो खरा, पण पुढे समीकरणं आली की तो वसूल होतो.

आकडे हवे असतील तर सॅन फ्रान्सिस्कोतला २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. आठवीत ग्रेडची सरासरी (४ पैकी) २.० च्या खाली असलेल्या मुलांना नववीत एथ्निक स्टडीजचा, म्हणजे वेगवेगळ्या वांशिक समाजांच्या इतिहास-संस्कृतीचा, वर्ग मिळाला, तेव्हा त्यांची हजेरी २१ टक्केबिंदूंनी आणि सरासरी १.४ ने वाढली. अभ्यास मोजक्याच शाळांतला, तेव्हा सगळा भार त्यावर टाकू नका.

‘आपल्या मुलांना याचा काय उपयोग’ असंही तुम्ही विचारलंय. स्पष्टच सांगायचं तर हे मुख्यतः त्यांच्यासाठी नाही. ऑनर्सच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या, वर्गात डोकावा. आपली मुलं सापडतील, कृष्णवर्णीय मुलं फारशी दिसणार नाहीत. आणि मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मागितलं होतं: शेतकऱ्यांच्या मुलांना मोडी-बाळबोध, हिशेब यांच्यासोबत शेतीचंही ज्ञान द्या, आणि मास्तर त्यांच्यात मिसळणारे, शेतकरी वर्गातलेच नेमा.

आता कामाचं. पेरेंट-टीचर कॉन्फरन्सला ‘तुम्ही कुठले सण साजरे करता’ असं विचारू नका. या युनिटमध्ये नवी गणिती कल्पना कुठली, आणि शेवटी मुलीला कागदावर काय सोडवून दाखवावं लागेल, ते विचारा. आठवीच्या अल्जेब्राला मुलं कशी निवडतात, चाचणीवर की शिक्षकांच्या शिफारशीवर, हेही विचाराच. पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून पोस्टर दाखवलं, तर मुख्याध्यापकांना ईमेल करा.